नळी तांबडी कां झाली?

आमच्या शाळेंत दर शनिवारीं दुपारीं विज्ञानशाळेमागील लहान खोलींत दहाबारा मुलें जमतात व बिनतारी संदेशाचें यंत्र जुळविण्याचा उद्योग करितात, हें पुष्कळ पालकांस ठाऊक आहे. "ज्या काळीं प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि आहे, त्या काळीं ही कांचेच्या नळ्यांची खटपट कशाला?" असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर देण्यासाठींच हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. मात्र ही नळी म्हणजे काय, ती काय करिते आणि ती बिघडली असतां काय करावें लागतें, हें प्रथम सांगितल्यावांचून त्या उत्तरास अर्थ येणार नाहीं.

विजेच्या जुन्या दिव्यांतील तार तापून पांढरी होत असे, हें वडील मंडळींस आठवत असेल. निर्वात नळी ही त्याच दिव्याची धाकटी बहीण होय. आंतील हवा काढून टाकलेल्या या कांचेच्या नळींत कॅथोड नांवाचा एक भाग तापवितात. तो तापला म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरून ऋण विजेचे सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सुटूं लागतात. समोर धातूची प्लेट असते. तिला धन दाब दिला कीं हे कण तिच्याकडे धांव घेतात. 1904 सालीं इंग्लंडांत जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनीं अशी दोन भागांची नळी सिद्ध केली. तिच्यांतून वीज एकाच दिशेनें जाते, म्हणून तिला 'व्हॉल्व्ह' म्हणजे झडप हें नांव मिळालें. पुढें 1906 च्या सुमारास अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं या नळींत तिसरा भाग घातला. तोच पुढें कॅथोड व प्लेट यांच्या मधील तारेच्या जाळीच्या रूपानें स्थिर झाला; त्यास ग्रिड म्हणतात. ग्रिडवर थोडा ऋण दाब दिला कीं कणांची वाट अडते, तो किंचित् कमी केला कीं मोकळी होते. मळ्यांत पाटाच्या तोंडाशीं बसलेलें माळ्याचें लहान पोर खुरप्यानें मातीचें एक ढेकूळ सारतें आणि सबंध विहिरीचें पाणी या वाफ्यांतून त्या वाफ्यांत वळवितें, तसाच हा प्रकार आहे. ग्रिडवर आलेल्या दुर्बळ संदेशाचें बलिष्ठ प्रतिरूप प्लेटच्या प्रवाहांत उमटतें. हें काम करणाऱ्या यंत्रास ॲम्प्लिफायर म्हणतात.

येथें विद्यार्थ्यांस एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. 1912 सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत असलेल्या एडविन आर्मस्ट्राँग या तरुणानें असें दाखविलें कीं, प्लेटकडील शक्तीचा थोडा अंश पुन्हां ग्रिडकडे परत दिला असतां वर्धन कितीतरी पटींनीं वाढतें. परंतु ही परतफेड मर्यादेबाहेर गेली म्हणजे नळी बाहेरच्या संदेशाची वाट न पाहतां आपल्याच मनानें कंपनें उत्पन्न करूं लागते. तेव्हां ज्या गुणानें नळी प्रक्षेपक बनते, तोच गुण ॲम्प्लिफायरांत नको त्या वेळीं प्रकट झाला कीं दोष ठरतो. यंत्र जुळविणाराचे निम्मे श्रम या एका गुणास आवर घालण्यांत खर्च होतात.

आमच्या मुलांच्या ॲम्प्लिफायरांत 807 या क्रमांकाची नळी आहे. ती 1936 सालीं अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीनें बाजारांत आणिली. दुसऱ्या महायुद्धांत सैन्याच्या अनेक प्रक्षेपकांत तिचा उपयोग झाला, आणि युद्ध संपल्यावर शिल्लक सामानांतून ती स्वस्तांत मिळूं लागल्यामुळें हौशी बिनतारी मंडळींची ती मोठी आवडती झाली. तळाशीं पांच पाय व डोक्यावर एक टोपी अशी तिची मूर्ति आहे. टोपी प्लेटची असल्यामुळें सर्वांत मोठा दाब तिच्यावर असतो. नळी तापविण्यास 6.3 व्होल्टांवर 0.9 अँपियर वीज लागते. प्लेटला आम्ही 450 व्होल्ट देतों व 100 मिलिअँपियर प्रवाह घेतों. गुणाकार केला म्हणजे 45 वॅट होतात. त्यांपैकीं सुमारें 30 वॅट एरियलकडे जातात व उरलेल्या 15 वॅटांची उष्णता नळीस सोसावी लागते. 25 वॅटपर्यंत ती विनातक्रार सोसते. परंतु एरियलकडील वाट बंद पडली, किंवा ग्रिडवरचा ऋण दाब नाहींसा झाला, म्हणजे सारा भार नळीच्याच अंगावर येतो आणि कांचेंतून पाहिलें असतां काळी प्लेट निखाऱ्यासारखी तांबडी दिसूं लागते.

यंत्र जुळवितांना मुलांची पहिली ओढ सर्व कांहीं सुबक मांडण्याकडे असते. लांब तारा काटकोनांत वळवून त्यांच्या जुड्या बांधिल्या म्हणजे काम देखणें दिसतें खरें. परंतु 40 मीटरच्या पट्ट्यांत, म्हणजे सेकंदास सुमारें सत्तर लाख आवर्तनें करणाऱ्या विजेस, असलीं वळणें मानवत नाहींत. येथें तार जितकी आंखूड तितकी बरी. ग्रिडकडील सामान चॅसिसच्या खालीं आणि प्लेटकडील सामान वर ठेवावें व मध्यें धातूचा पत्रा असावा, असा नियम आहे. स्नेहसंमेलनांत मायक्रोफोन कर्ण्यासमोर आला कीं जी कर्कश शीळ उठते ती सर्वांनीं ऐकिली आहे. कर्ण्याचा आवाज पुन्हां मायक्रोफोनांत शिरतो म्हणून ती उठते. ग्रिड व प्लेट यांच्या तारा शेजारीं आल्या म्हणजे नळीचीही तीच अवस्था होते, मात्र ती शीळ आपल्या कानांस ऐकूं येत नाहीं. कधीं कधीं तर ठरलेल्या पट्ट्यावर सर्व ठीक असतें, पण टोपीजवळच्या आंखूड तारेंतच फार वेगाचीं चोरटीं कंपनें सुरू होतात. त्यांवर जुना उतारा असा कीं, 47 ओहमच्या एका कार्बन रेझिस्टन्सवर तांब्याच्या जाड तारेचे पांचसहा वेढे द्यावे, तारेचीं टोंकें त्याच्याच टोंकांस सोल्डर करावीं आणि तो जोड टोपीलगत बसवावा. दिसावयास तो लहान आहे. परंतु तो नसल्यामुळें बिघडलेलीं यंत्रें आम्हीं पाहिलीं आहेत.

जुळणी झाल्यावर यंत्रास एकदम एरियल लावीत नाहींत. प्रथम 50 ओहमचा एक मोठा रेझिस्टन्स जोडून त्यावर परीक्षा घेतात, म्हणजे आकाशांत कोणास उपद्रव होत नाहीं. मग प्लेटच्या वाटेवरील पहिला फिरता कंडेन्सर हळूहळू फिरवावयाचा व मिलिअँमीटरच्या कांट्याकडे लक्ष ठेवावयाचें. एका विशिष्ट जागीं कांटा झटकन् खालीं येतो; यास 'डिप' म्हणतात. तेथें गुंडाळी व कंडेन्सर यांचा मेळ बसला असें समजावें. नंतर दुसरा कंडेन्सर थोडथोडा उघडून भार वाढवावा, पुन्हां पहिल्यानें डिप शोधावा, आणि असें करीत करीत 100 मिलिअँपियरांवर यावें. मेळ बसेपर्यंत नळीस ताण सोसावा लागतो, म्हणून दर खेपेस कांहीं सेकंदच कळ दाबावी व मग तिला विसांवा द्यावा.

आतां बिघाडाविषयीं. 450 व्होल्ट हा दाब मनुष्याचा प्राण घेण्यास पुरेसा आहे, आणि यंत्र बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत तो कांहीं काळ दडून राहतो. सबब आमच्या खोलींत कांहीं नियम आहेत व त्यांस अपवाद नाहीं. शिक्षक हजर असल्याशिवाय यंत्रास वीज मिळत नाहीं. मुख्य स्विच शिक्षकांनींच लावावयाचा. वीज बंद केल्यावर सांठलेला दाब जिरविणारा रेझिस्टन्स यंत्रांत कायमचा बसविलेला आहे. तरीही लांकडी दांड्याच्या, जमिनीशीं जोडलेल्या आंकड्यानें कंडेन्सर मोकळा करून व मापकानें शून्य पाहूनच आंत हात घालावयाचा. मोजमाप करावयाचें तर तारांचे चिमटे वीज बंद असतां लावावयाचे, मग सर्वांनीं मागें सरावयाचें आणि त्यानंतर वीज सुरू करावयाची. पालकांनीं याविषयीं निश्चिंत असावें.

बिघडलेल्या यंत्राची परीक्षा प्रथम डोळ्यांनीं, कानांनीं व नाकानें होते. जळलेल्या रेझिस्टन्सचा वास एकदां घेतला कीं जन्मभर विसरत नाहीं. नळीच्या कांचेवर आंतून जो आरशासारखा चकचकीत डाग असतो तो दुधासारखा पांढरा झाला, तर आंत हवा शिरली व नळी गेली असें निश्चित समजावें. कांचेच्या अंगावर निळसर प्रभा दिसली तर भिण्याचें कारण नाहीं; पण आंतील भागांच्या मध्यें जांभळट धग दिसली तर आंत वायु आहे. एवढें झालें म्हणजे इंद्रियांचें काम संपतें व मापकाचें सुरू होतें. नवशिके येथेंच चुकतात. प्लेट तांबडी दिसली कीं नळी वाईट ठरवून ते दुसरी बसवितात, आणि तीही तांबडी होते. वस्तुतः तांबडी झालेली नळी बहुधा सोसणारी असते. तिला सोसावयास लावणारा दोष दुसरीकडे लपलेला असतो.

गेल्या पावसाळ्यांत घडलेली एक हकीकत सांगितली म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. जुलै महिन्यांतील एका शनिवारीं आम्हीं स्विच लावितांच 807 ची प्लेट भडक तांबडी झाली, फ्यूज जळाला, व तपासतां नळी निकामी झाल्याचें आढळलें. यंत्रास शेवटचा हात लावणारा विद्यार्थी नववींतील होता. आदल्या आठवड्यांत त्यानें ग्रिडच्या पायावरील एक जोड नव्यानें सोल्डर केला होता. मग काय विचारतां! "याच्या हाताला यशच नाहीं," असें एकजण बोलला, व बाकीच्यांनीं माना डोलविल्या. अशा नळ्या आतां सहज मिळत नाहींत. मुंबईस लॅमिंग्टन रोडवरील दुकानें पालथीं घालून दोन आणिल्या होत्या. मुलें उरलेली दुसरी नळी लगेच बसविण्यास निघालीं, ती आम्हीं काढून घेतली व कपाटांत ठेविली. तो विद्यार्थी कांहीं न बोलतां दप्तर घेऊन घरीं गेला.

सोमवारीं मधल्या सुट्टींत त्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. रात्रपाळी करून ते परस्पर शाळेंत आले होते. खिशांतून घडी घातलेल्या नोटा काढून ते म्हणाले, "मास्तर, पोरानं नळी जाळली म्हणतात. किंमत सांगा. आज अर्धी देतो, बाकीची पगार झाल्यावर." आम्ही म्हणालों, "पैसे तूर्त आपल्याजवळच असूं द्या. नळी कशानें जळाली हें अजून कोणीं पाहिलेलेंच नाहीं. शनिवारीं मुलाला तेवढें पाठवा." नोटा हातांत तशाच धरून ते थोडा वेळ उभे राहिले. "तो रडला असता तर बरं होतं, मास्तर. तो बोलतच नाही," एवढें म्हणून ते गेले.

शनिवारीं मुलगा आला तो दाराशींच उभा राहिला. त्या दिवसापुरता आम्हीं एक नियम केला कीं, कोणीं कोणाचें नांव घ्यावयाचें नाहीं, फक्त आंकडे सांगावयाचे. नळीचें सॉकेट रिकामेंच ठेविलें. वीज बंद असतां मल्टिमीटरचा एक चिमटा ग्रिडच्या, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या पायास व दुसरा चॅसिसला लावण्यास आम्हीं त्याच मुलास सांगितलें. सर्वजण मागें सरले. "येथें दाब किती असावयास पाहिजे?" असें विचारतां तो हळूच म्हणाला, "उणें 45." स्विच लावला. मापकानें अधिक 20 दाखविले.

खोलींत कोणी बोलेना. ज्या ग्रिडवर 45 व्होल्ट ऋण दाब असावयाचा, तिच्यावर धन दाब! पाटाचें तोंड सताड उघडें पडलें होतें. अशा सॉकेटांत कोणतीही नळी बसविली असती तरी तिची तीच गत झाली असती. ऋण दाब देणारा पुरवठा बंद पडला असेल, अशी एकानें शंका काढिली. दहावींतील एका मुलानें उत्तर दिलें कीं, पुरवठा बंद पडला असता तर शून्य दिसलें असतें. अधिक दिसतें त्या अर्थीं धन वीज कोठून तरी आंत येत आहे. शेजारीं धन दाबाची जागा एकच, ती म्हणजे आधींच्या लहान नळीची प्लेट. तेथें 250 व्होल्ट असतात, आणि तिच्या व ग्रिडच्या मध्यें एक अभ्रकाचा कंडेन्सर असतो. कंडेन्सरानें कंपनें पलीकडे जाऊं द्यावयाचीं व स्थिर दाब अडवून धरावयाचा, हें त्याचें काम. वीज बंद करून, आंकड्यानें सर्व कंडेन्सर मोकळे करून, मुलांनीं त्याचें ग्रिडकडील टोंक सोडविलें. पुन्हां वीज दिली. ग्रिडवर उणें 45 परत आले. पुन्हां बंद करून चिमटा त्या सुट्या टोंकास लावला; वीज देतांच मापक 250 च्या जवळ गेला. द्वारपाळच फितूर झाला होता.

कंडेन्सर बाहेर काढून भिंगाखालीं धरिला, तेव्हां त्याच्या अंगावर केसाएवढी बारीक चीर दिसली. तो एका जुन्या यंत्रांतून काढलेला होता. चिरेंतून पावसाळ्याची दमट हवा आंत शिरून त्याची रोधशक्ति गेली होती. तो या यंत्रांत बसला तेव्हां हा मुलगा आमच्या शाळेंत आलाही नव्हता. मग त्यानें केलेला जोड भिंगाखालीं पाहिला. तो गुळगुळीत व चकचकीत होता, त्यांत कसलाही दोष नव्हता. ज्यानें "हाताला यश नाहीं" असें म्हटलें होतें, त्यानेंच उठून तापलेली सोल्डरची लोखंडी आपल्या या लहान सोबत्याच्या हातीं दिली व नवा कंडेन्सर धरून राहिला. उरलेली नळी कपाटांतून निघाली. डिप मिळाला, कांटा 100 वर स्थिर झाला आणि प्लेट शेवटपर्यंत काळीच राहिली. त्याच सायंकाळीं आम्हीं मुलाच्या वडिलांस चिठ्ठी पाठविली. तींत उणें 45 व अधिक 20 हे दोन आंकडे लिहून त्यांचा अर्थ समजावून दिला, व कांहीं देणें लागत नाहीं असें कळविलें.

आरंभीं सांगितलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. 1947 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला, आणि आज नखाएवढ्या तुकड्यांत असे कोट्यवधि ट्रान्झिस्टर मावतात. नळीचा काळ मागें पडला, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तो नखाएवढा तुकडा बिघडला म्हणजे तो फेंकून दुसरा आणावा लागतो. त्यांत काय झालें हें मुलास कळावयास मार्ग नसतो. नळीचें यंत्र मुलास उघडतां येतें. त्यांतील कार्य दिसतें, आणि कार्यावरून कारणाकडे पायरी पायरीनें जातां येतें. वरवर दिसतें त्यावरून न्याय करूं नये, अशी शिकवण उपासनामंदिरांत व घरीं आपणां सर्वांस लहानपणापासून मिळते. ती पाळणें किती कठीण व किती अगत्याचें आहे, हें त्या शनिवारीं दहाबारा मुलांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. आम्हां शिक्षकांस व पालकांसही तें उपयोगी आहे. एखादा मुलगा वर्गांत एकाएकीं मागें पडतो, चिडतो, धडा चुकवितो, तेव्हां तो तांबड्या झालेल्या नळीसारखा असूं शकेल. त्याची दृष्टि मंदावली आहे काय, घरीं कोणी आजारी आहे काय, रात्रीं झोंप मिळते काय, हे दाब आधीं मोजले पाहिजेत. शिक्षेचा विचार त्यानंतर.

या विद्येचा प्रत्यक्ष उपयोगही आहे. 26 डिसेंबर 2004 रोजीं त्सुनामीची लाट आली, तेव्हां हौशी बिनतारी मंडळींचें एक पथक आपल्या छंदासाठीं पोर्ट ब्लेअर येथें गेलेलें होतें. अंदमान व निकोबार बेटांतील संदेशवहन कोलमडलें असतां त्या पथकानें आपल्या यंत्रांवरून लोकांच्या खुशालीचे व मदतीचे निरोप पोंचविले. त्यांचीं यंत्रें आजकालचीं होतीं. पण यंत्र अडलें असतां डोकें शांत ठेवून दोष शोधण्याची संवय कोणत्याही यंत्रास लागू पडते. प्रक्षेपणास भारत सरकारचा परवाना लागतो. बारा वर्षें पूर्ण झालेल्या कोणासही त्याच्या परीक्षेस बसतां येतें. परवाना मिळेपर्यंत मुलांनीं यंत्र जुळवावें, मोजावें, ऐकावें. एरियलवर संदेश पाठविण्याची कळ मात्र परवानेदारानेंच दाबावी, हा कायदा आम्ही कसोशीनें पाळतों.

ज्या पालकांस हें काम पाहण्याची इच्छा असेल त्यांनीं कोणत्याही शनिवारीं अवश्य यावें. त्या नववींतल्या मुलाचे वडील दोनदां येऊन गेले; दुसऱ्या खेपेस डिप कसा शोधितात हें त्यांस मुलानेंच समजावून दिलें. खोलीच्या दारावर मुलांनीं आपल्या हातानें एक पाटी रंगवून लाविली आहे, ती आम्हीं सांगितलेली नाहीं. तिच्यावर लिहिलें आहे, 'आधीं मापा, मग बोला.'